चौथीचं पोरगं शाळेत नेमकं शिकतंय काय?

गवतीचहा | १४ ऑक्टोबर २०२३, रात्री १०:४२

मुलगा चौथीत आहे. पुण्यात, मराठी माध्यम, सेमीसुद्धा नाही. गेल्या रविवारी नणंदेकडे जेवायला गेलो होतो. तिची मुलगी पण चौथीतच, सीबीएसई. कॉम्प्युटर, जीके, रोबोटिक्स, अजून काय काय. नणंदेने पोळी वाढता वाढता विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे विषय किती असतात?" मी म्हटलं, मराठी, इंग्रजी, गणित आणि परिसर अभ्यास. शिवाय चित्रकला, कार्यानुभव, पीटी. ती म्हणाली, "म्हणजे चारच!" त्या 'च'ने माझी झोप उडवली.

घरी येऊन दप्तर उपसलं. यंदापासून सगळ्या विषयांची पुस्तकं एकत्र करून चार भाग केलेत, धड्यांमागे 'माझी नोंद' म्हणून कोरी पानं आहेत. ते चाळलं. शेजारच्या दादाचं परिसर अभ्यासाचं जुनं सलग पुस्तक होतं, तेही काढलं. फुलपाखराची अंडी-अळी-कोश, पाणी कसं साठवायचं, आपल्या पोटात काय काय असतं, घरगुती उपचार, दिशा आणि नकाशा, नैसर्गिक आपत्ती. गणितात अपूर्णांक, परिमिती, कोन. आणि शिवछत्रपती. मला तर हे बरंच वाटलं. पण यातलं किती पोराच्या डोक्यात गेलंय, पत्ता नाही. "आज काय शिकवलं रे?" "काही नाही." जूनपासून हेच.

तर प्रश्न असा की हे खरंच कमी आहे का? तुमच्या मुलांना चौथीत काय काय येत होतं?

आडवातिडवा | रात्री १०:५१

"आज काय शिकवलं?" "काही नाही." ही प्रथा १९८४ साली मी सुरू केली. पुढच्या पिढ्या चालवताहेत, भरून येतं.

वेलदोडा | रात्री ११:०३

रुमाल टाकून ठेवते. माझीही चौथीत. आमच्याकडे उत्तर 'काही नाही' नसतं, 'डबा' असतं. कुणी काय आणलं याचा सविस्तर वृत्तांत, अभ्यासाचं अक्षर नाही.

मुळशीकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मी १९७९-८० ला चौथीत होतो. तीसपर्यंत पाढे, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. चुकलं की पट्टी. आज नातू चौथीत आहे आणि बारा साते किती विचारलं की छताकडे बघतो. विषय चार असोत की चौदा, पाया कुठाय?

आडवातिडवा | सकाळी ९:१४

काका, सात औटे किती? पटकन. गूगल न करता.

मुळशीकर | सकाळी ९:१६

साडेचोवीस. अजून विचारा.

आडवातिडवा | सकाळी ९:१७

साष्टांग नमस्कार. (मी कॅल्क्युलेटरवर तपासलं, साडेतीन गुणिले सात.)

पाटीपेन्सिल | दुपारी १:४०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शाळा द्विशिक्षकी, म्हणजे मॅडमकडे पहिली-दुसरी, माझ्याकडे तिसरी-चौथी, एकाच खोलीत. तिसरीला परिसर अभ्यासात स्वतःचा जिल्हा, चौथीला राज्य. त्यामुळे तिसरीची पोरं फुकटात चौथीचं ऐकतात आणि चौथीची उजळणी आपोआप होते. हा फायदा मोठ्या शाळेत मिळत नाही. तोट्यांबद्दल आज लिहीत नाही.

गवतीचहाताई, विषय चार हा हिशेबच फसवा आहे. आमच्या इथली एक गोष्ट सांगतो. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५ ग्रॅम तेल असं प्रमाण आहे. वजनमापं शिकवायची होती तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि चौथीला सांगितलं, आजचं साहित्य तुम्ही काढा. हजर मुलं ३१. पोरांनी पाटीवर मांडलं: तांदूळ ३ किलो १०० ग्रॅम, डाळ ६२० ग्रॅम, तेल १५५ ग्रॅम. इथवर सगळं पुस्तकासारखं. मग एकीने विचारलं, "गुरुजी, पण मावशी तर ओंजळीनं घालतात." खरंच की. मावशींना बोलावलं, त्यांची ओंजळ वजनकाट्यावर घातली. पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. पोरांनी पावणेदोनशे पुन्हा पुन्हा मिळवत नेले (एवढा मोठा भागाकार अजून जमत नव्हता) आणि अठरा ओंजळी असा निकाल दिला.

मावशी म्हणाल्या, मी वीस घालते.

आता वर्गात भांडण. हिशेब चुकला का? पुन्हा केला, बरोबर. मग मावशीच म्हणाल्या, दोन ओंजळी त्या धाकट्यांच्या, जे भावंडांच्या मागे येऊन दारात बसतात आणि ज्यांची नावं पटावर नाहीत.

हे मी कुठल्या विषयाच्या तासात लिहू? गणित, आहार, की काय? रोजच्या टाचणवहीत 'वजन' लिहिलं.

वेलदोडा | दुपारी १:५८

गुरुजी, दंडवत. मावशींनाही.

चिमणचारा | दुपारी २:३०

पाटीपेन्सिल, प्रतिसाद फार आवडला.

आमचा अनुभव. लेक गेल्या वर्षी चौथीत होती. पहिलाच धडा प्राण्यांचा जीवनक्रम. कुंडीतल्या कढीपत्त्यावर तिला कावळ्याची शीट दिसली आणि ती शीट चालत होती. लिंबाच्या फुलपाखराची अळी लहानपणी अगदी तशीच दिसते, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून. नंतर कात टाकून हिरवी होते. मी फोडणीसाठी पानं तोडणार तेवढ्यात पोरगी किंचाळली, "आई, ती त्यांची पानं आहेत!" दोन आठवडे आमच्याकडे पोह्यात कढीपत्ता नव्हता. झाडाचे नुसते दांडे उरले.

मग एक अळी फांदीला स्वतःला दोऱ्याने बांधून कोश होऊन बसली. रोज शाळेतून आली की आधी कुंडी, मग हातपाय. आठवडा गेला, काही नाही. एका सकाळी कोश काळपट पडला आणि आतून पंखांची नक्षी दिसायला लागली. नेमका त्या दिवशी शाळेत चाचणी. फुलपाखरू बाहेर आलं साडेदहाला. पाहिलं कुणी, तर सासूबाईंनी. त्यांनी आयुष्यभर कढीपत्त्यावरच्या अळ्या चिमट्याने काढून टाकल्या होत्या. पोरगी घरी येऊन अर्धा तास रडली आणि सासूबाई तिला पुन्हा पुन्हा सांगत होत्या: आधी डोकं आलं, मग ओले पंख चुरगळलेले, मग उलटं लटकून वाळवले.

चाचणीत 'फुलपाखराच्या वाढीच्या अवस्था लिहा' आलं होतं. चार पैकी तीन गुण. 'अंडे' ऐवजी 'अंडं' लिहिलं म्हणून एक कापला.

आडवातिडवा | दुपारी २:४४

एक गुण कापणाऱ्यांना कढीपत्त्याशिवाय पोहे द्या आयुष्यभर.

भिडस्त | दुपारी ३:२०

थोडं कडू लिहिते. पाटीपेन्सिल गुरुजींसारखे किती? माझ्या भाचीच्या शाळेत (शहरातली, अनुदानित, नाव लिहीत नाही) धडा म्हणजे बाईंनी वाचायचा, फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहायची, पोरांनी उतरवायची. त्या 'माझी नोंद'च्या कोऱ्या पानांचं मला कौतुक वाटलं होतं, पोरं स्वतःचं काहीतरी लिहितील म्हणून. भाचीचं पुस्तक पाहिलं तर सगळ्या वर्गाची नोंद एकच. 'माझी नोंद' खाली बाईंची नोंद, शुद्धलेखनाच्या त्याच चुकीसह. तेव्हा पुस्तकात काय आहे हे बघून गवतीचहा, निर्धास्त होऊ नका. पुस्तक चांगलं आहे. पोरापर्यंत पुस्तक पोचत नाही, ही खरी रड आहे.

पाटीपेन्सिल | दुपारी ४:०५

भिडस्त, नाकारत नाही. एक फक्त सांगतो, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी, ऑनलाइन माहित्या, आधार जुळणी, पोषण आहाराच्या नोंदी यात दिवस कसा जातो ते पाहायला एकदा या. सबब म्हणून नाही, चहाला.

रानमेवा | संध्याकाळी ६:१२

सीबीएसईवाली आई हजर आहे, दगड हळू मारा. मुलगी चौथीत, विषय नऊ. नऊ विषय म्हणजे नऊ वह्या, नऊ वर्कशीट, नऊ वेळा कव्हरं. रोबोटिक्स म्हणजे महिन्यातून दोनदा एक किट सहा जणांत. चाक लावायची पाळी तिच्यावर ऑगस्टमध्ये आली होती. पण हेही लिहिते की शाळेत वाचनालयाचा तास नेमाने होतो आणि तिथून ती दर आठवड्याला पुस्तक आणते, ते तिच्या खोलीत दार लावून वाचते. मला तेवढं पुरतं. गवतीचहा, तुझ्या नणंदेलाही आतून धाकधूक असणार गं. तिचा तो 'च' मी ओळखते.

मुळशीकर | संध्याकाळी ६:४०

पायाचं बोला. त्या 'साठ तीन'बद्दल कुणी बोलत नाही. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टचं 'साठ तीन' झालं तेव्हाच मराठीचं वाटोळं झालं. आज चौथीत असलेली पोरं दुसरीत तेच शिकून आलीत.

चिमणचारा | संध्याकाळी ६:५५

काका, वाटोळं वगैरे नाही. जुने शब्द काढले नव्हते, जोडीला नवी पद्धत दिली होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा जीव तोडून हेच सांगत होत्या, पण ऐकून घ्यायची कुणाची तयारी नव्हती. यंदा जुलैमध्ये त्या गेल्या. माझी लेक 'त्रेसष्ट' ऐकलं की आधी तीन लिहायची आणि मग सहा, म्हणजे ३६. 'साठ तीन' म्हटल्यावर घोळ मिटला. आता दोन्ही येतं आणि भाजीवाल्याला ती त्रेसष्टच म्हणते.

सीमावासी | संध्याकाळी ७:१०

बेळगावहून. आमच्या गल्लीत पोरं मराठीत एकवीस म्हणतात, कन्नडमध्ये इप्पत्तोंदु, म्हणजे शब्दशः वीस-एक. आधी दशक, मग एकक. दुकानात दोन्ही चालतं, वाटोळं कुणाचंच झालेलं नाही. झालंच तर सुट्ट्या पैशांचं होतं.

ऱ्हाइनकाठी | रात्री १०:३०

अहो, आमच्याकडे जर्मनीत मराठीसारखंच आहे! ६३ ला 'तीन आणि साठ' म्हणतात. मुलगा शाळेत जर्मनमध्ये तीन-आणि-साठ, घरी मराठीत त्रेसष्ट. बिचाऱ्याला सुटकाच नाही. इथेही आकडे सरळ वाचा म्हणणारी मंडळी आहेत आणि त्यांच्यावर चिडणारे मुळशीकरही आहेत. (दिवे घ्या काका, म्हणजे गंमतीत घ्या.)

मूळ प्रश्नाबद्दल: तोही चौथीतच आहे. जर्मन, गणित आणि 'वस्तुपाठ' म्हणता येईल असा एक विषय, ज्यात निसर्ग, इतिहास, भूगोल, रहदारी सगळं एकत्र. म्हणजे आपला परिसर अभ्यासच की. त्यातच सायकलची परीक्षा असते, पोलीस येऊन घेतात. हात दाखवून वळणं, उजवीकडच्याला आधी जाऊ देणं. लेखी वेगळी, रस्त्यावरची वेगळी. पोरगा गणितापेक्षा तिला घाबरून आहे. आणि चौथी संपताना पुढे गिम्नाझियुमला जायचं की दुसऱ्या प्रकारच्या शाळेत, याची शिफारस येते. नऊ-दहा वर्षांचं पोर! त्यापेक्षा तुमच्याकडे चौथी सुखाची, असं मला इथून वाटतं.

वेलदोडा | रात्री १०:४४

पोलिसांकडून सायकलची परीक्षा… आमच्या चौकात घेतली तर पोलीसच नापास होतील.

मुळशीकर | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

चौथी सुखाची झाली कारण स्कॉलरशिप काढून पाचवीला नेली, २०१६-१७ पासून. आम्हाला चौथीत ती होती. जर्मनीचे मुळशीकर कोण आहेत त्यांना माझा नमस्कार कळवा.

मांडवीकाठ | सकाळी ८:३०

गोव्यातून. आमच्या सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी. मी मराठीत शिकलो, घरी कोकणी, देवळात मराठी, बाजारात सगळंच. बाई 'कांदा' म्हणायच्या, आम्ही मनात 'पियाव' म्हणायचो. चौथीत मला नक्की काय येत होतं म्हणाल तर, कुठल्या माणसाशी कुठली भाषा बोलायची ते. हा विषय प्रगतिपुस्तकात नव्हता.

आडवातिडवा | सकाळी ९:४०

शिवछत्रपतीवर अजून कुणी बोललं नाही? चौथी म्हणजे शिवछत्रपती, बाकी सगळं तोंडी लावणं. 'शर्थीने खिंड लढवली' वाचून मी आणि धाकटा भाऊ जिन्यात खिंड लढवायचो. तो बाजीप्रभू, मी सिद्दी, कारण मोठा होतो आणि मार खाणं माझ्या वाट्याला. आईने तोफांचे आवाज म्हणून ताट बडवायला मनाई केली होती, म्हणून राजे विशाळगडावर पोचल्याचं बाजीप्रभूंना कधी कळलंच नाही. तो संध्याकाळी सातपर्यंत लढत राहायचा.

पाटीपेन्सिल | सकाळी १०:२०

हसून खुर्चीतून पडलो, मुलं बघताहेत.

शिवछत्रपतीवरून आठवलं. पुरंदरचा तह शिकवत होतो. १६६५, तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांना द्यायचा, बारा किल्ले आणि एक लाखाचा मुलूख राजांकडे. तिसरीतल्या एकाने (त्याचा हा धडाही नव्हता) हात वर केला: "म्हणजे पस्तीसच होते?" मग चौथीतली म्हणाली, "निम्म्याहून जास्त दिले." दुसरा म्हणाला, "पाचातले चार लाख दिले." मी अपूर्णांकाचा तास पुढच्या आठवड्यात ठेवला होता, तो तिथेच झाला. तेवढ्यात तिसरीतला तोच पुन्हा म्हणाला, "पण परत घेतले ना नंतर?" घेतले रे बाबा. पुढचे दोन धडे थांब.

भिडस्त | सकाळी १०:५५

गुरुजी, तुमच्या तिसरीतल्या त्या मुलाला माझ्या भाचीच्या शाळेत पाठवा. एकटा पुरेल.

गवतीचहा | रात्री ९:२५

सगळ्यांना धन्यवाद. रानमेवा, नणंदेच्या 'च'बद्दल तू लिहिलंस ते वाचून जरा ओशाळले.

आज "काय शिकवलं" विचारलंच नाही. विचारलं, "उत्तर दिशा कुठेय रे?" दादाच्या पुस्तकातून तो धडा त्याने आधीच वाचलाय म्हणे. तर साहेबांनी बोट पंख्याकडे केलं. वर! नकाशात उत्तर वर असते ना. मी कपाळाला हात लावला. गुरुजी, हे काय आहे?

पाटीपेन्सिल | रात्री ९:४०

ताई, दरवर्षी निम्मा वर्ग छताकडे बोट करतो. चूक पोरांची नाही, आपण नकाशा भिंतीला टांगतो. नकाशा काढा आणि जमिनीवर पसरा. सकाळी त्याला उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं करा. पाठीमागे पश्चिम, डावा हात उत्तर, उजवा दक्षिण. नकाशाचा 'उ' डाव्या हाताकडे फिरवा आणि त्याला नकाशावर उभं राहू द्या. पाय पडला म्हणून ओरडू नका. मग त्याच्याकडून घर ते शाळा नकाशा काढून घ्या, खुणा आणि सूचीसकट.

तंतोतंत | रात्री ९:५२

दुरुस्ती: सूर्य नेमका पूर्वेला वर्षातून दोनच दिवस उगवतो. सध्या ऑक्टोबर आहे, तो दक्षिणेकडे सरकलाय. तुमची उत्तर काही अंश चुकेल.

आडवातिडवा | रात्री ९:५३

पंख्यापेक्षा कमीच चुकेल हो.

मुळशीकर | १७ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

काल नातवाला बसवून पावकी शिकवायला घेतली. म्हणाला, आजोबा, पावकी म्हणजे चारने भागायचं ना? मग पाठ कशाला करू, भागतो की. भागून दाखवलं. माझ्याहून अर्धा मिनिट उशिरा, पण बरोबर. याला काय म्हणावं मला कळत नाही, म्हणून इथे लिहिलं.

चिमणचारा | सकाळी ७:३०

काका, याला 'येतं' म्हणतात.

मुळशीकर | सकाळी ७:४१

बारा साते अजून छताकडेच बघून सांगतो.

आडवातिडवा | सकाळी ७:४३

उत्तर दिशा शोधत असेल.

गवतीचहा | २२ ऑक्टोबर, रात्री ११:१०

चार दिवस इथे येता आलं नाही, धागा वर काढते. नकाशा झाला. गच्चीवर सकाळी साडेसहाला उभे होतो, समोरच्या इमारतीमुळे सूर्य सातला दिसला. त्याने नकाशा जमिनीवर ठेवून फिरवला आणि जाहीर केलं की आपलं स्वयंपाकघर दक्षिणेला आहे. सासूबाईंना हे वास्तूच्या दृष्टीने अजिबात आवडलेलं नाही, तो वेगळा धागा.

मग कोऱ्या पानावर, 'माझी नोंद'च्याच, घर ते शाळा. मला वाटलं देऊळ, बँक, दवाखाना काढेल. त्यातलं काहीच नाही. खुणा अशा: काळा कुत्रा बसतो ती पायरी, चेंबरचं हलणारं झाकण, पेरूवाली आजी (फक्त शनिवारी, तसं सूचीत लिहिलंय), रिक्षा स्टँड, आणि एक भिंत जिच्यावरून चालता येतं. अंतर पावलांत मोजलंय. एकूण ८४६, कुत्रा उठला तर ९१०, कारण मग पलीकडून जावं लागतं.

नणंदेला फोटो पाठवला. तिच्या मुलीने लगेच त्यांच्या सोसायटीचा काढायला घेतलाय, पण त्यांना बसने जावं लागतं म्हणून पावलं कशी मोजायची यावर दोघांचं फोनवर अर्धा तास चाललं होतं. शेवटी नणंदेने मलाच विचारलं, "वहिनी, सगळ्या खुणा कळल्या, पण कोपऱ्यावर तो लाल त्रिकोण कसला?"

मी सूची पाहिली. त्रिकोणापुढे लिहिलंय: 'इथे आई फोनवर बोलत थांबते, १० मिनिटे.'